हट्टी व्हीटी आणि रेडिएशनचा एकच डोस: नाशिकच्या रुग्णासाठी पायरीपायरीने

व्हीटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारी जीवघेणी धडधड. औषधांना न जुमानणाऱ्या व्हीटीवर रेडिएशनचा एकच डोस देण्याचा हा उपचार नेहमीच्या मशीनवर पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. भूल नाही, चिरा नाही, सुई नाही. त्यामुळे बहुतेकांची चौकशी मशीनपासून सुरू होते: कोणतं मशीन, कोणत्या शहरात, किती पैसे. उपचार फसतो तो मात्र मशीनच्या खूप आधी, नेम चुकल्यामुळे. नेमाची पहिली खूण बहुतेक वेळा नाशिकच्याच एखाद्या कॅज्युअल्टीत मिळते किंवा हातची जाते. म्हणून या लेखात मशीनला कमी आणि कागदांना जास्त जागा दिली आहे.

आजार नेमका कुठे असतो

मोठा हार्ट अटॅक येऊन गेला की हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीत व्रण राहतो. व्रणातला मेलेला भाग वीज वाहून नेत नाही. पण त्याच्या कडेला आणि आतही जिवंत स्नायूंचे काही तंतू शिल्लक असतात. त्यांतून वीज जाते, पण रेंगाळत जाते. ती दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा आकुंचनाला तयार झालेला असतो, आणि ब्रह्मगिरीची फेरी जशी डोंगराला वळसा घालून निघाल्या जागी येते तशी ती वीज व्रणाभोवती फिरत राहते. ठोके मिनिटाला १५०, १८०, कधी २०० च्या वर जातात. हीच व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, बोलीत व्हीटी.

आयसीडी हे छातीत बसवलेलं, तारेने हृदयाला जोडलेलं यंत्र सुरू झालेली व्हीटी थांबवतं, ती होण्यापासून रोखत नाही. आधी ते वेगवान पेसिंग करून, म्हणजे विजेचे हलके ठोके देऊन, फेरी तोडायचा प्रयत्न करतं आणि ते जमलं नाही तर शॉक देतं. व्हीटी होऊच नये म्हणून औषधं असतात: बीटा ब्लॉकर, अमिओडॅरोन, सोटॅलॉल, मेक्सिलेटीन. व्हीटीने औषधांना दाद दिली नाही तर कॅथेटर अब्लेशन करतात, म्हणजे मांडीच्या शिरेतून तार नेऊन फेरीची वाट जाळतात. हे सगळं करूनही शॉक बसत राहणाऱ्यांसाठी रेडिएशनचा विचार होतो. या उपचाराचं पूर्ण नाव स्टिरिओटॅक्टिक अ‍ॅरिदमिया रेडिओअब्लेशन. डॉक्टरांच्या तोंडी ‘स्टार’.

पुरावा किती आहे

२०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने पाच रुग्णांचे निकाल छापले आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. उपचाराआधीच्या तीन महिन्यांत या पाच जणांना मिळून व्हीटीचे ६,५७७ झटके आले होते. उपचारानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ते ६८० झाले. त्यानंतरच्या, सर्व रुग्णांचे मिळून ४६ महिन्यांत अवघे चार. पाचपैकी एक रुग्ण मात्र उपचारानंतर तीन आठवड्यांनी पक्षाघाताने गेला, हेही त्याच लेखात नोंदलेलं आहे. २०१९ साली त्याच गटाने १९ रुग्णांचा पुढचा अभ्यास छापला. ज्यांचं मोजमाप करता आलं अशा १८ पैकी १७ जणांचा त्रास कमी झाला. सहा महिन्यांतल्या झटक्यांचा मध्यांक ११९ वरून ३ वर आला. वर्षअखेर ७२ टक्के रुग्ण हयात होते. हा आकडा वाचताना एक ध्यानात ठेवावं: हे मुळातच अतिशय खंगलेल्या हृदयाचे रुग्ण होते.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण रुग्णसंख्या फार लहान आहे. नंतर इतर देशांतल्या केंद्रांचे निकाल आले. त्यांत फायदा दिसला, पण प्रत्येक ठिकाणी इतका नेत्रदीपक नाही. म्हणून कोणी ‘९९ टक्के खात्री’ सांगू लागलं तर सावध व्हा. हा आजही शेवटच्या टप्प्याचा, अभ्यासाच्या चौकटीत करायचा उपचार आहे आणि कॅथेटर अब्लेशन टाळण्याची सोय म्हणून तो घेऊ नये.

पायरी पहिली: खरंच वेळ आली आहे का

रेडिएशनचा विषय काढण्याआधी शॉक वाढण्याची साधी कारणं धुंडाळा. उन्हाळ्यात जुलाब झालेले आणि सोबत लघवीची गोळी चालू असलेली, अशा रुग्णांचं पोटॅशियम घसरतं आणि व्हीटी उसळते. पोटॅशियम ४ च्या वर, शक्यतो ४.५ च्या आसपास असावं. मॅग्नेशियमही तपासावं. अमिओडॅरोन चालू असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी बघाच, कारण हे औषध थायरॉइड दोन्ही बाजूंनी बिघडवतं आणि वाढलेला थायरॉइड ठोके भडकवतो. नवा ब्लॉकेज नाही ना, गोळ्या मध्येच बंद केल्या नाहीत ना, आणि शॉक खरे आहेत की तार तुटल्यामुळे यंत्राची फसगत होते आहे, हेही बघायचं. शेवटचा प्रश्न आयसीडी प्रोग्रामरवर पाच मिनिटांत सुटतो.

हे सगळं ठीक असूनही, आणि अमिओडॅरोनसारखं किमान एक औषध व किमान एक कॅथेटर अब्लेशन होऊनही सहा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा व्हीटी आली, तर २०१९ च्या अभ्यासाच्या निकषात रुग्ण बसतो. अब्लेशन शक्यच नाही अशांचाही विचार होतो. महाधमनीची आणि मायट्रल अशा दोन्ही जागी धातूच्या झडपा बसवलेल्यांच्या डाव्या कप्प्यात तार नेण्याची नेहमीची वाट उरत नाही. कप्प्यात रक्ताची गाठ असेल तर तार घालणं धोक्याचं. बायपास झालेल्यांचं हृदयाचं आवरण चिकटलेलं असतं, त्यामुळे बाहेरून जाणं अवघड. आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या गाभ्यात दडलेल्या फेरीपर्यंत कॅथेटरची उष्णता पोहोचत नाही. रेडिएशनला भिंतीची जाडी आडवी येत नाही. त्याचं खरं बलस्थान हेच.

छातीला आधी रेडिएशन झालेलं असेल (डाव्या स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा), फुप्फुसं आधीच कडक होण्याचा आजार असेल, स्क्लेरोडर्मा (कातडी आणि ऊती कडक होण्याचा आजार) असेल, तर बहुतेक केंद्रं नकार देतात किंवा फार विचार करतात. व्हीटीचा ईसीजीवरचा आकार दर वेळी वेगळा आणि व्रण भिंतभर पसरलेला असेल तर नेम धरायला जागाच सापडत नाही. अशा रुग्णाला वय आणि प्रकृती साथ देत असेल तर हृदय प्रत्यारोपणाच्या यादीबद्दल बोलणं जास्त उपयोगाचं. एट्रियल फिब्रिलेशनवरही (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) रेडिएशनचे प्रयोग झाले आहेत. पण तिथे लक्ष्य अन्ननलिकेला खेटून असतं आणि कॅथेटरने चांगलं काम होतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

पायरी दुसरी: कागदांची पिशवी

सगळ्या फाइलीत सर्वांत मोलाचा कागद एकच: व्हीटी चालू असताना काढलेला बारा लीडचा ईसीजी. नेहमीचा नव्हे, झटक्याच्या वेळचा. फेरी भिंतीच्या कोणत्या भागातून बाहेर पडते हे तोच सांगतो. आयसीडीच्या नोंदीत फक्त आतल्या तारांचे संकेत असतात. त्यावरून वेग कळतो, जागा कळत नाही.

नाशिकच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना एक विनंती. रुग्ण बेशुद्ध असेल, रक्तदाब कोसळला असेल, तर शॉक आधी, यात वाद नाही. पण रुग्ण बोलतो आहे, रक्तदाब टिकून आहे, तर अमिओडॅरोनची सुई भरण्याआधी पूर्ण बारा लीड काढा आणि रिदम स्ट्रिप लांब ठेवा. मॉनिटरवरच्या एका लीडचा मोबाइल फोटो पुढे कामाचा ठरत नाही. एकाच रुग्णाला दोन-तीन आकारांची व्हीटी येऊ शकते, म्हणून आधीचा ईसीजी फाइलमध्ये असला तरी नवा काढायचा.

नातेवाइकांसाठी: ईसीजीचा थर्मल कागद उन्हाने आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये फिका पडतो. त्याच दिवशी सपाट ठेवून स्कॅन करा आणि तारीख-वेळ वर लिहा. पिशवीत आणखी हे हवं: आयसीडीचं कार्ड (कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख), प्रत्येक तपासणीचा पूर्ण प्रिंट, आधीच्या अब्लेशनचा अहवाल आणि त्या वेळच्या त्रिमितीय नकाशाची डिजिटल प्रत, अँजिओग्राफीची सीडी, अलीकडचा इको, क्रिएटिनिन, टीएसएच, लिव्हरच्या तपासण्या आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी. नकाशाची डिजिटल प्रत केंद्रं आपणहून देत नाहीत, मागावी लागते. तीही लवकर मागा, कारण मशीनची साठवण भरली की जुने केस पुसले जातात.

आयसीडीच्या प्रिंटवर व्हीटीचा वेग मिलिसेकंदात असतो. ६०,००० ला त्या आकड्याने भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात: ४०० म्हणजे १५०, ३०० म्हणजे २००. अमिओडॅरोनमुळे व्हीटी मंदावते आणि कधी आयसीडीच्या ओळखीच्या मर्यादेखाली सरकते. मग यंत्र काहीच करत नाही. रुग्ण म्हणतो शॉक नाही, पण दम लागतो, पाय सुजलेत. अशा वेळी ‘शॉक बंद झाले’ म्हणून पेढे वाटू नयेत. ताबडतोब ईसीजी काढावा.

पायरी तिसरी: केंद्र निवडताना

कर्करोगासाठी स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन देणारं मशीन असणं आणि व्हीटीवर उपचार करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारी नेहमीची मशीन, आज नाशकातही आहेत. हवी असते ती एकत्र बसणारी चौकडी: हृदयाच्या विजेचे तज्ज्ञ म्हणजे इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, मेडिकल फिजिसिस्ट आणि हृदयाचे सीटी-एमआरआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट. यांतला एक जरी दुसऱ्या इमारतीतून फोनवर सल्ला देत असेल तर थोडं थांबून विचार करा.

पहिल्याच भेटीत सरळ विचारावं: इथे असे किती रुग्ण झाले? वर्षानंतर त्यांतले किती कसे आहेत? लक्ष्य कोण आखतं आणि दुसरा कोण तपासतं? नैतिकता समितीची मंजुरी आहे का, अभ्यास भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेला आहे का? अभ्यासात सामील होणार असाल तर जास्तीच्या तपासण्यांचा खर्च आणि इजा झाल्यास उपचाराची जबाबदारी कुणाची, हे संमतीपत्रात लिहिलेलं हवं. संमतीपत्र मराठीत मागणं हा आगाऊपणा नव्हे.

पैशांबाबत: खासगी विमा असेल तर उपचाराचं नाव, डोस आणि कारण लिहिलेलं पत्र देऊन आधी लेखी मंजुरी घ्या. ‘प्रायोगिक’ या शब्दावर दावे अडकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच तपासा. देवळालीच्या निवृत्त जवानांना ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकचं रेफरल लागतं. ते नसेल तर नंतर बिल मंजूर करून घेताना दमछाक होते.

मुंबई-पुण्याला किमान तीन फेऱ्या धरा: सल्ला, नियोजनाचा सीटी आणि उपचार. सल्ल्यासाठी मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमतं. उपचाराच्या दिवशी ते करू नका. ती रात्र रुग्णालयाजवळच काढा. वारंवार शॉक बसणाऱ्या रुग्णाला कसारा घाटातून खासगी गाडीत नेऊ नये. डिफिब्रिलेटर असलेली कार्डिअ‍ॅक रुग्णवाहिका ठरवा. आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपासची तारीख घेऊ नका, शहराबाहेर पडणंच मुश्कील होईल.

पायरी चौथी: नेम धरणे

या उपचाराचं सगळं कसब इथे आहे.

व्हीटीच्या ईसीजीवरून पहिला अंदाज बांधतात. व्ही१ या छातीवरच्या लीडमध्ये राइट बंडल ब्लॉकसारखा (मुख्यतः वर उठलेला) आकार असेल तर फेरी डाव्या कप्प्यातून बाहेर पडते. लेफ्ट बंडल ब्लॉकसारखा (मुख्यतः खाली गेलेला) असेल तर उजव्या कप्प्यातून किंवा मधल्या पडद्यातून. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड वर उठलेल्या असतील तर उगम वरच्या, पुढच्या बाजूला. खाली गेलेल्या असतील तर डायाफ्रामवर टेकलेल्या खालच्या भिंतीत. व्ही३-व्ही४ वर असतील तर तळाकडे म्हणजे झडपांजवळ, खाली असतील तर टोकाकडे. यावरून गल्ली कळते, घर नाही.

घर शोधायला इतर चित्रं लागतात. सीटीवर जिथे भिंत पाच मिलिमीटरहून पातळ झाली आहे तो व्रण. एमआरआयवर गॅडोलिनियम हे शिरेतून दिलेलं द्रव्य उशिरापर्यंत रेंगाळतं तो व्रण (आयसीडीमुळे चित्र खराब येतं, त्यासाठी वेगळी सेटिंग लागते). पेट किंवा स्पेक्ट या स्कॅनवर रक्त आणि साखर न घेणारा भाग तोही व्रण. सेंट लुईसच्या गटाने छातीभर शेकडो इलेक्ट्रोडचं जॅकेट घालून आयसीडीतूनच व्हीटी सुरू केली आणि फेरीचा नकाशा शरीराबाहेरून काढला. ते जॅकेट सगळीकडे नसतं. नसेल तर आधीच्या अब्लेशनचा नकाशा वापरतात.

अडचण येते ती हे सगळं एका चित्रावर आणताना. विजेचा नकाशा एका संगणकात, रेडिएशनचं नियोजन दुसऱ्यात, आणि दोघांची भाषा वेगळी. मधला दुवा म्हणून डाव्या कप्प्याचे १७ भाग पाडायची ठरलेली पद्धत वापरतात. पण हृदय छातीत तिरकं असतं. नियोजनाच्या सीटीवर त्याचा अक्ष कसा धरला यावर ‘भाग ४’ एक-दीड सेंटीमीटरने सरकू शकतो. अनुभवी माणसांनी एकाच रुग्णासाठी स्वतंत्रपणे काढलेल्या सीमाही पुष्कळदा जुळत नाहीत. म्हणून दोघांनी वेगवेगळं आखून मग एकत्र बसावं, आणि फरक असेल तिथे मूळ ईसीजी पुन्हा बघावा. पहिल्या भेटीत ‘दुसरा कोण तपासतं’ हे विचारायचं ते यासाठी.

लक्ष्य भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्यापर्यंत पूर्ण जाडीचं घेतात. त्यावर हृदयाच्या आणि श्वासाच्या हालचालीची भर, त्यावर आणखी साधारण पाच मिलिमीटरचं कवच. २५ मिलिलिटरच्या लक्ष्याचं असं १०० मिलिलिटर होतं. जास्त सुरक्षित म्हणून मोठं कवच घ्यावं असं वाटतं, पण मिलिमीटरागणिक निरोगी स्नायू आणि फुप्फुस त्यात ओढलं जातं.

पायरी पाचवी: नियोजनाचा सीटी

रुग्णाला हात डोक्यावर घेऊन व्हॅक्युम गादीवर झोपवतात. हवा काढली की गादी शरीराच्या आकारात घट्ट होते आणि उपचाराच्या दिवशी तोच साचा लागतो. आयसीडी नुकताच बसवला असेल तर डावा हात खांद्याच्या वर नेण्याआधी चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर तार हलू शकते. खांदा आखडलेला असेल तर आधीच सांगा. पाऊण तास हात वर ठेवता न आल्याने मध्येच हललेला रुग्ण ही नेहमीची अडचण आहे, आणि आठवडाभर व्यायाम केला तर ती टळते.

श्वासाच्या सगळ्या टप्प्यांचं चित्रण करणारा चौमितीय सीटी काढतात. हृदय श्वासाबरोबर एक सेंटीमीटरहून जास्त खाली-वर झालं तर पोटावर पट्टा आवळतात किंवा ठरावीक श्वासातच किरण सोडतात. बऱ्याच हृदयरुग्णांना श्वास रोखून धरणं जमत नाही. त्यांच्यासाठी पट्टाच बरा.

तीन-चार तास उपाशी राहायला सांगतात. ते कॉन्ट्रास्टसाठी आहेच, शिवाय पोटासाठीही आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीखाली डायाफ्राम आणि त्याखाली लगेच जठर असतं. सीटीच्या दिवशी रिकामं आणि उपचाराच्या दिवशी पोहे-चहाने फुगलेलं, असं झालं तर जठराची भिंत वर येऊन डोसच्या कक्षेत शिरते. दोन्ही दिवशी सारखंच रिकामं पोट हवं. रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं त्या दिवसापुरतं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

पायरी सहावी: डोस

२५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक), एकाच वेळी. आकडा छोटा वाटेल, कारण स्तनाच्या कर्करोगात ४० ग्रे सर्रास देतात. पण ते तीन आठवड्यांत १५ वेळा वाटून दिलेले असतात. एका दमात दिलेल्या २५ ग्रेचा उशिरा दिसणाऱ्या इजेच्या दृष्टीने होणारा परिणाम, रोज २ ग्रे याप्रमाणे दिलेल्या १४० ग्रेइतका धरला जातो. म्हणूनच शेजारच्या अवयवांच्या मर्यादा कडक असतात. एकाच डोससाठी सर्वमान्य असलेल्या मर्यादांमध्ये पाठीच्या मज्जारज्जूचा कोणताही बिंदू १४ ग्रेच्या आत, अन्ननलिका साधारण १५ च्या आत आणि जठर १२ च्या आसपास ठेवायचं असतं. लक्ष्य जठराला चिकटून असेल तर तिथे डोस मुद्दाम कमी करतात. म्हणजे व्हीटी राहण्याची शक्यता वाढली तरी चालेल, जठराला भोक नको. हा सौदा रुग्णाला आधी सांगायला हवा. या उपचारानंतर दोनेक वर्षांनी जठर आणि हृदयावरणाच्या मध्ये भोक पडल्याची नोंद आहे.

आयसीडीच्या डब्यावर किरण थेट पडता कामा नये. त्याला मिळणारा डोस २ ग्रेच्या आत ठेवतात आणि १० एमव्हीहून (एमव्ही म्हणजे मेगाव्होल्ट) जास्त ऊर्जेचे किरण वापरत नाहीत, कारण त्यात न्यूट्रॉन तयार होऊन यंत्राची स्मृती बिघडते. बहुतेक ठिकाणी ६ एमव्ही वापरतात. उपचाराआधी फिजिसिस्ट हीच योजना रुग्णाऐवजी एका ठोकळ्यावर चालवून मोजमाप घेतात. त्यात एखादा दिवस जातो. उशीर होतोय म्हणून तगादा लावू नका.

पायरी सातवी: उपचाराचा दिवस

आयसीडी आधी तपासून त्याची शॉक देण्याची क्षमता बंद करतात, म्हणजे किरणांच्या गोंधळाने चुकीचा शॉक बसत नाही. त्या काळात रुग्णाला शॉकचं संरक्षण नसतं. म्हणून छातीवर बाहेरच्या डिफिब्रिलेटरचे पॅड लावलेले हवेत, ईसीजी बाहेरच्या पडद्यावर दिसायला हवा आणि आयसीडी हाताळणारा माणूस नियंत्रण कक्षात बसलेला हवा. मळमळीसाठी आधी ऑन्डान्सेट्रॉन देतात.

टेबलावर पुन्हा सीटी काढून नियोजनाच्या चित्राशी जुळवतात. हाडं जुळली म्हणून हृदय जुळलं असं नसतं. हृदयाची कड आणि आयसीडीच्या तारेचं टोक जुळवायचं असतं. मग किरण. लिनॅकवर दहा ते वीस मिनिटं, सायबरनाइफ या रोबोटिक हाताच्या मशीनवर तास किंवा जास्त. रुग्णाला आवाजाखेरीज काहीच जाणवत नाही. अंगात रेडिएशन उरत नाही, घरी नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही.

टेबलावरून उठण्याआधी आयसीडीची शॉकची क्षमता पुन्हा चालू व्हायला हवी. सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत घातक विसर, आणि टाळायला सर्वांत सोपी. ‘थेरपी ऑन’ लिहिलेला प्रिंट हातात मिळाल्याशिवाय खोली सोडू नका. नातेवाइकांनी तो मागून घ्यावा, संकोच करू नये.

पायरी आठवी: पुढचे दिवस, महिने, वर्षं

पहिले सहा आठवडे व्हीटी येऊ शकते, काहींना वाढतेही. यावरून उपचार फसला असं ठरवत नाहीत. अमिओडॅरोन आणि बाकी गोळ्या याच काळात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केल्या जातात, आणि मग वादळ उठतं. औषध कमी करायचं ते सहा आठवड्यांनंतर, आयसीडीच्या नोंदी बघून, एकेक करून. परिणाम कशाने होतो याबद्दलचं मतही बदललं आहे. आधी समजूत होती की किरणांनी ऊती घट्ट होऊन वाट बंद होते. पण त्याला महिने लागतात आणि फरक तर दिवसां-आठवड्यांत दिसतो. सेंट लुईसच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की किरणांमुळे जिवंत पेशींतले सोडियमचे आणि जोडणीचे मार्ग वाढतात, वीज वेगाने धावू लागते आणि फेरीला लागणारा रेंगाळलेपणाच उरत नाही.

शॉक बसला तर: एकच बसला आणि तब्येत पूर्ववत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. चोवीस तासांत दोन किंवा जास्त, किंवा एकच पण सोबत छातीत दुखणं, चक्कर, दम, तर १०८ ला फोन करा. शॉकनंतर तीन ते सहा महिने गाडी चालवायची नाही, दुचाकीसुद्धा नाही.

दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान कोरडा खोकला, बारीक ताप, दम लागला तर रेडिएशनने फुप्फुसाला आलेली सूज असू शकते. आपल्याकडे ती हवाबदल, न्यूमोनिया, नाहीतर टीबी म्हणून हाताळली जाते, कारण गल्लीतल्या डॉक्टरांना रेडिएशनचं माहीतच नसतं. छातीचा सीटी काढून तो डोसच्या नकाशाशेजारी ठेवला की बरंच स्पष्ट होतं. उपाय स्टेरॉइडचा असतो आणि तो वेळेत लागतो. अमिओडॅरोननेही फुप्फुस बिघडतं, पण तो बिघाड बहुधा दोन्ही बाजूंना असतो. इथेच उपचाराआधीची फुप्फुस-चाचणी उपयोगी पडते. आडवं पडल्यावर वाढणारं आणि पुढे वाकल्यावर कमी होणारं छातीतलं दुखणं हृदयाच्या आवरणाच्या सुजेचं. इको करून पाणी साठलं आहे का ते बघावं.

वर्ष-दोन वर्षांनी गिळताना दुखणं, ताप, काळी शौच, नवं छातीचं दुखणं यांतलं काही आलं तर आधी सीटी. एन्डोस्कोपीची घाई नको, कारण भोक पडलेलं असेल तर दुर्बिणीतून सोडलेली हवा हृदयावरणात शिरू शकते. हे पोटाच्या डॉक्टरांना रुग्णानेच सांगावं लागेल. त्यासाठी पाकिटात एक कार्ड ठेवा: हृदयाला रेडिएशन, तारीख, २५ ग्रे, भिंतीचा भाग, केंद्राचा फोन.

तपासणी साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष आणि मग दरवर्षी. दर वेळी आयसीडी आणि इको, पहिल्या सहा महिन्यांत एकदा छातीचा सीटी. आयसीडीची तपासणी आणि इको नाशकात करून अहवाल केंद्राला पाठवता येतात, तेवढ्यासाठी प्रवास नको. अमिओडॅरोन चालू असेपर्यंत टीएसएच आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी.

व्हीटी परत आली तर

येते, हे आधीच कबूल करावं. पुन्हा बारा लीडचा ईसीजी काढून जुन्या स्कॅनशेजारी ठेवायचा. आकार तोच असेल तर लक्ष्य अपुरं पडलं, कडेचा भाग सुटला. आकार नवा असेल तर व्रणाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून नवी फेरी निघाली. पहिल्या प्रकारात रेडिएशन झालेल्या भागाच्या कडेला कॅथेटर अब्लेशन करता येतं आणि ते झालेलंही आहे. दुसऱ्या प्रकारात सगळी पडताळणी पायरी पहिलीपासून, पोटॅशियम आणि टीएसएचसकट. त्याच जागेवर दुसऱ्यांदा रेडिएशन जगभरात मोजक्याच रुग्णांना दिलं गेलं आहे, आणि जठर किंवा अन्ननलिका जवळ असेल तर त्याला नाही म्हणणारं केंद्र योग्य तेच सांगत असतं.